मागच्या गादीवरचे माणूस

वर्षभर या सदरातून मी तुम्हांला दूधवाला, गळका नळ, न सांगता येणारे पाहुणे आणि सांगूनही न येणारा सुतार यांच्या हकीकती सांगत आलो. दिवाळी अंकासाठी मात्र काहीतरी भारदस्त लिहा, असे संपादकांचे पत्र आले. भारदस्त विषय शोधीत मी गॅलरीत येरझारा घालीत होतो, तो खाली अंगणात आमची फटफटी उभी दिसली. चारचौघांत मी तिला मोटारसायकल म्हणतो. घरात ती फटफटीच. वजनाला दोनशे किलोंच्या आसपास भरेल. याहून भारदस्त विषय बुलढाण्यासारख्या गावात मला कुठे मिळणार?

तिच्या एंजिनाचे पोवाडे मी गाणार नाही. ते काम तरुण मंडळी फार चांगले करतात. मला सांगायचे आहे ते तिच्या गादीविषयी आणि तिच्या पुढच्या काचेविषयी. एवढ्याशा दोन गोष्टी, पण त्यांच्या पायी आमच्या घरातला बत्तीस वर्षांचा एक नेम मोडायची वेळ आली होती.

आमच्या सौ.चे माहेर लोणारचे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून उल्का येऊन आदळली आणि पावणेदोन किलोमीटरांहून रुंद खड्डा पडला, तेच हे लोणार. तो खड्डा पाहायला जगभरातून माणसे येतात. वाटेतल्या बाकीच्या खड्ड्यांचा मान आमच्यासारख्या दुचाकीवाल्यांचा. लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला आम्ही दोघे फटफटीवरून तिथे जातो. बुलढाण्याहून चिखली, चिखलीहून मेहकर, मेहकरहून लोणार, असे नव्वदएक किलोमीटर. जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. आमचा रस्ता जुनाच. तिच्या मांडीवर ओवाळणीच्या तबकाची पिशवी, माझ्या पाठीवर तिचा एक हात, आणि वाटेत मेहकरला चहा. मुलगा लहान होता तेव्हा तो आमच्या मधे बसे. आता तो पुण्यात असतो आणि फोनवरून मधे येतो.

माझ्या साठीला त्याने मला एक मोठी पारदर्शक काच पाठवली. दूरच्या प्रवासाच्या मोटारसायकलींना असते तशी, चांगली माझ्या कपाळापर्यंत येणारी. "बाबा, आता थंडीवारा लागायचा नाही," असे तो म्हणाला. त्याच उत्साहात मीही गावातल्या एका दुकानातून गादीवर तीन बोटे जाडीचा मऊ लुसलुशीत फोम चढवून घेतला. बोटाने दाबला की लोण्यासारखा दबे. गेल्या वर्षीची भाऊबीज ही त्या दोन्हींची पहिलीच सफर होती.

काय सांगू, बुलढाण्याची सकाळची थंडी मला त्या दिवशी प्रथमच कळली नाही. छातीवर वारा नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी चक्क गुणगुणत होतो. मेहकरला बसस्थानकाजवळ गाडी उभी केली आणि "कसा झाला प्रवास?" असे ऐटीत विचारायला मागे वळलो, तर सौ. गादीला धरून वाकून उभी होती. सरळ व्हायला तिला बराच वेळ लागला. मग पदर नीट करून ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी एसटीनं येईन. तुम्ही या गाडीवर."

रागावून म्हणाली असती तर मला बरे वाटले असते. रागाची समजूत काढता येते. ती अगदी भाजी आणायला सांगावी तसे म्हणाली.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. हाडात दोष नाही, स्नायू आखडले आहेत, कंबर पिळून फार वेळ बसू नका, तासातासाला उठा, असे त्यांनी सांगितले. मी मनात म्हटले, वयच झाले. वय म्हणजे एक फार सोयीचे खुंटाळे असते. कुठलाही प्रश्न त्यावर टांगून ठेवता येतो.

पौषात मला कामाने मेहकरला जायचे होते. माझे मनगट दुखत होते म्हणून शेजारचा कॉलेजातला मुलगा गाडी चालवायला आला आणि मी बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या फटफटीच्या मागच्या गादीवर बसलो. वाचकहो, आपल्याच घरात आपण पाहुणे म्हणून गेल्यासारखे वाटले!

मागची गादी पुढच्यापेक्षा वीतभर उंच. त्यामुळे माझे डोके त्या मुलाच्या डोक्याच्या वर. पुढच्या काचेवरून चढून आलेला वारा त्याला ओलांडून थेट माझ्या हेल्मेटवर आदळत होता, आणि तोही सरळ नव्हे. गरगरत, हिसके देत. चिखली मागे पडेपर्यंत डोक्यावर कुणीतरी रॉकेलचा डबा बडवते आहे असे वाटू लागले. गादीला पुढे उतार, म्हणून प्रत्येक ब्रेकला मी घसरून त्याच्या पाठीवर आणि पुन्हा सरकून मागे. तो लोण्यासारखा फोम पहिल्या अर्ध्या तासातच संपला; मग माझी हाडे आणि खालचा पत्रा यांची समोरासमोर गाठ पडली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खड्डा दिसत नाही. चालवणाऱ्याला तो आधी दिसतो. तो नकळत पायांवर भार घेऊन किंचित उचलला जातो. मागच्याला खड्डा कळतो तो मणक्यात.

मेहकर जवळ आले तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काका, काकू एका बाजूला पाय सोडून बसतात ना? तसं बसून बघा की थोडं." मी बसलो. कापसाच्या गाडीवरून चाललेला एक शेतकरी बैल थांबवून हसला. दोन किलोमीटरांत माझी कंबर धुतलेल्या धोतरासारखी पिळून निघाली. आमची सौ. अशी नव्वद किलोमीटर जाते, तेही मांडीवर तबक घेऊन.

घरी आल्यावर मी विचारले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सारखी गाडी थांबवली असती," ती म्हणाली. "मग उशीर. तिकडे दादा न जेवता वाट बघत बसलेला."

यावर मला काही उत्तर सुचले नाही. सुचलेली एकच गोष्ट म्हणजे काच आणि गादी या दोन्हींचा मागच्या माणसाच्या बाजूने पहिल्यापासून विचार करायचा.

प्रथम काच. वाऱ्याचा एक हिशेब लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी शंभराने धावणाऱ्याला मोठी काच हवी हे खरे. आमच्या रस्त्यावर आणि आमच्या वयाला पन्नास-पंचावन्न म्हणजे वादळ. तेवढ्यासाठी कपाळापर्यंतची काच म्हणजे अंगणात तुळशीसाठी मांडव घालण्यासारखे. शिवाय काच वाऱ्याला नाहीसा करीत नाही, फक्त वर ढकलते. आणि वर कोण बसलेले असते, ते मी मघाशी सांगितलेच.

खात्री करून घेण्यासाठी सौ.ने तिच्या विणकामाच्या पेटीतली लाल लोकर काढली. बोटभर लांबीचे धागे चिकटपट्टीने काचेच्या कडेवर, माझ्या हेल्मेटवर आणि तिच्या हेल्मेटवर लावले. आम्ही दोघे गाडीवर, आणि बाजूने दुसऱ्या गाडीवर तो शेजारचा मुलगा व त्याचा मित्र, फोनवर चित्र घेत. घरी येऊन पाहिले, तर माझ्या हेल्मेटवरचे धागे शहाण्या मुलासारखे झोपलेले आणि तिच्या हेल्मेटवरचे अंगात आल्यासारखे घुमणारे. माझी शांतता कुणाच्या डोक्यावरून येत होती, ते चार आण्यांच्या लोकरीने दाखवून दिले.

जुन्या जाणत्या स्वारांचा नियम असा, की नेहमीसारखे बसल्यावर काचेची वरची कड नाकाच्या शेंड्याच्या खालीच राहावी. रस्ता काचेवरून दिसावा, काचेतून नव्हे. त्याचे कारण वाऱ्याहून मोठे आहे. आपल्याकडे पावसाळा सरला की संध्याकाळी चिलटांचे थवे निघतात, सोयाबीनच्या मळणीची धूळ असते, आणि ती पुसता पुसता काचेवर बारीक चरे पडतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून मोटारीचा दिवा आला की प्रत्येक चरा पेटतो आणि रस्त्यावरची दिवा नसलेली बैलगाडी त्या झगमगाटात हरवते. काळसर रंगाची काच दिसायला रुबाबदार, पण ज्याला अंधार पडल्यावर घरी यायचे आहे त्याने ती घेऊ नये.

आमची काच अॅक्रिलिकची होती. दुकानांच्या पाट्या करणाऱ्या एका कारागिराने ती बारीक दात्यांच्या करवतीने चार बोटे कापली आणि कड घासून गुळगुळीत करून दिली. काचेच्या खालच्या बाजूला दोन बोटे फट ठेवली. तिथून थोडा वारा आत आला की काचेच्या मागची पोकळी भरते आणि वरचा गोंधळ कमी होतो. स्क्रूखाली रबराचे वायसर घातले आणि ते हाताला घट्ट लागतील एवढेच आवळले, कारण अॅक्रिलिक जास्त आवळले की तडकते. पॉलिकार्बोनेटची काच सहसा फुटत नाही, पण तिला चरे लवकर पडतात. त्यावर चरे न पडण्याचा लेप आहे का, हे विचारून घ्यावे. दोहोंनाही पेट्रोल, स्पिरिट वर्ज्य. त्यांनी काच कायमची आंधळी होते. वाळलेली चिलटे ओले फडके दहा मिनिटे ठेवून भिजवावीत आणि साबणाच्या पाण्याने धुवावीत. घरातले जुने मऊ धोतर यासाठी उत्तम. माझी दोन गेली आहेत.

आता माझ्या तोंडावर थोडा वारा लागतो. धागे पुन्हा लावून पाहिले. दोघांचेही हलतात, पण घुमत नाहीत.

दुसरी गोष्ट गादी. ती करायला मी खामगावला गेलो, बोथ्याच्या घाटाने. खामगाव हे कापसाचे गाव. इथला कापूस नेण्यासाठी १८७० साली जलंबपासून खास लोहमार्ग टाकला होता. तेव्हा गादीची पारख इथे असणारच, असे माझे अनुमान. मोटारसायकलींच्या गाद्या करणारा एक वयस्क कारागीर मला भेटला. त्याने माझ्या लोण्यासारख्या फोमात मूठ रोवली आणि ती थेट पत्र्याला टेकलेली मला दाखवली.

"काका, गादी कोनासाठी करायची?"

"दोघांसाठी."

"मंग काकूले काहून नाई आनलं?"

त्याने कामाला हात लावला नाही. आठ दिवसांनी मी सौ.ला घेऊन गेलो. त्याने दोघांनाही आळीपाळीने जाड पुठ्ठ्यावर दहा मिनिटे बसवले. उठलो तर पुठ्ठ्यावर दोन दोन खळगे. माणूस बसतो तो या दोन हाडांवर, बाकीचा सगळा दिखावा, हे त्याचे म्हणणे. बायकांची ही हाडे पुरुषांपेक्षा सहसा जास्त अंतरावर असतात, म्हणून मागची गादी अरुंद शेपटीसारखी निमुळती असून चालत नाही. आमच्या फटफटीची नेमकी तशीच होती. ज्याने ती आखली त्याच्या मागे कधी कोणी बसले नसावे.

तो सांगत होता आणि मी शिकत होतो. दुकानात मऊ लागते ते चिखलीला कडक होते. खाली दमदार फोम हवा आणि वर बोटभर जाडीचा मऊ थर. म्हणजे दणका खालच्याने झेलायचा आणि अंगाला वरचा लागायचा. बाजारात चाळीस डेन्सिटी म्हणतात ती फोमच्या एका घनमीटराच्या वजनाची, चाळीस किलोंची, खूण. त्यावरून गादी किती टिकेल ते कळते, किती कडक आहे ते कळत नाही. ते बसूनच पाहावे लागते. बसायच्या जागी शिवण येऊ देऊ नये. कापड घसरते नको, नाहीतर ब्रेक लावताच दोघांची दिवाळी भेट. उतार काढून बैठक सपाट करावी. आणि जाडी वरून वाढवण्यापेक्षा आकार आतून कोरावा, कारण गादी दोन इंच उंच झाली की बेताच्या उंचीच्या चालकाचे पाय जमिनीवरून सुटतात. मी पाच फूट चार इंच आहे. हे वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटले.

मला माझ्या लहानपणीची गाडी आठवली. चालवणाऱ्याला सायकलसारखी स्वतंत्र बैठक आणि खाली दोन मोठ्या स्प्रिंगा. ज्या काळी मागच्या चाकाला दणके शोषणारी सोय नसे, त्या काळची ती युक्ती. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया निघाली, १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा निघाली, आणि पुढे पुढे दोघांची मिळून एकच लांब गादी सगळीकडे रूढ झाली. एकाच गादीवर दोघे बसले म्हणजे दोघांना सारखेच सुख, असा आपला समज त्या लांब गादीने करून दिला असावा. घरात एकाच ताटातले खाणारे दोघे सारखेच जेवतात असेही आपण समजतो.

शेवटी त्या कारागिराने हात पुसले आणि सौ.ला म्हणाला, "काकू, गादी म्या केली. पन तुमी एका बाजूनं बसत असान तं माह्या गादीचा उपेग नाई. पिळलेल्या कमरेले गादी काय करन?"

ती काही बोलली नाही. परतताना गाडीवर तशीच बसली, एका बाजूला. मीही बोललो नाही. तीस-बत्तीस वर्षांची सवय आणि साडी या दोन गोष्टींवर नवऱ्याने मत देऊ नये, एवढे शहाणपण मला आले आहे.

पंधरा दिवसांनी ती बाजारातून एक पिशवी घेऊन आली. आत निळा सलवार-कमीज. "प्रवासापुरता," ती म्हणाली. "लोणारला पोचल्यावर साडी नेसेन. ओवाळायचं ते साडीतच." मी तातडीने तिच्यासाठी मागे हाताने धरायची पक्की पकड बसवून घेतली आणि फूटरेस्ट तपासून घेतले. पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी, या तिन्ही गोष्टी मागे बसणाऱ्याला मिळाल्याच पाहिजेत असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम आहे. आमची पकड एका जुन्या पडझडीत वाकली होती ती तशीच राहून गेली होती. कायदासुद्धा मागच्या माणसाचा विचार करतो. मी राहून गेलो होतो.

नवरात्रात परीक्षा घेतली. खामगावमार्गे शेगावला महाराजांचे दर्शन आणि परत. पाऊण तासाला थांबायचे, गादी कितीही चांगली असली तरी थांबायचे, उतरून शंभर पावले चालायचे, असा करार. आणखी एक कलम तिने घातले: समोर खड्डा दिसला की मी मोठ्याने "खड्डा" म्हणायचे. त्या दिवशी मी हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की घाटात एका वळणावर थांबलेल्या लोकांना मी काही जप करतो आहे असे वाटले. पण त्यामुळे झाले असे, की ती वेळेवर पायांवर भार घेऊ लागली आणि मी आपोआप हळू चालवू लागलो. ओरडायला वेळ मिळायला हवा ना!

परत आल्यावर ती उतरली. गादीला धरले नाही. पण लगेच वाकून चपलेचा बंद नीट करीत राहिली, त्यामुळे सरळ व्हायला किती वेळ लागला ते मला नीट मोजता आले नाही. मी विचारलेही नाही.

तुमच्यापैकी कोणी या दिवाळीत नवी दुचाकी घेणार असाल, किंवा असलेलीला गादी नि काच लावणार असाल, तर माझे एवढे ऐका. दुकानात एकट्याने जाऊ नका. जे माणूस मागे बसणार आहे त्याला घेऊन जा, त्याला आधी बसवा, आणि निदान तासभर गाडी फिरवल्याशिवाय पैसे मोजू नका. आणि एकदा तरी, कुणी पाहत नसेल अशा रस्त्यावर, स्वतः मागे बसून पाहा.

भाऊबीज जवळ आली आहे. फराळाचे डबे भरून झाले आहेत, निळा सलवार-कमीज इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला आहे. मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आत, गेल्या वर्षी तिने चिकटवलेले एसटीचे वेळापत्रक अजून तसेच आहे. साखर काढायला दार उघडले की ते मला दिसते. काल मी मेहकरला चहा कुठे घ्यायचा हे विचारले, तर ती म्हणाली, "तिथंच. नेहमीच्याच ठिकाणी."

वेळापत्रक ती काढील तेव्हा काढील. मी आपली साखर घेतो आणि दार लावतो.